पाखरं हाकायची नोकरी

पहाटे पावणेपाचला मी धावपट्टीवर पोचतो.
हुन्सरूकच्या पठारावर तेव्हा धुकं असतं,
गावाची पाटीच्या दगडाची छपरं त्यात बुडालेली.
पिवळी गाडी, बारा काडतुसं, एक भोंगा
आणि नोंदवही. तिच्यात लिहायचं,
किती कावळे, किती ससाणे, कुठल्या दिशेने.
दिवसाला तीन विमानं. सोमवारी दोनच.

बाप, आल्विन, हेच करायचा, अमेरिकनांसाठी.
त्याच्या वेळी विमानं कोणी मोजत नसे.
आम्ही कप मोजायचो फडताळातले,
उरले असतील ते.

त्याच्याही आधी इथे आमचे बटाटे होते.
एकावन्न साली मोजणीदार आले, लाल काठ्या रोवून गेले.
आजोबा रात्री काठ्या उपटायचे,
सकाळी त्या परत जागेवर.
असं अकरा दिवस चाललं.
मग कोणीतरी त्यांच्या हातात सिगारेटचं अख्खं खोकं ठेवलं,
आणि जन्मात तंबाखूला न शिवलेला माणूस
ओढायला शिकला.

आई काचांचा हिशेब ठेवायची.
विमान आवाजाची भिंत फोडून गेलं की
गल्लीभर काचा तडकत.
मग तळावरून लेफ्टनंट टटल येई, नेब्रास्काचा,
टोपी काखेत, दारात बूट पुसून,
फूटपट्टी आणि पावतीपुस्तक घेऊन.
तडा मोजायचा, मार्क मोजायचे.
एका उन्हाळ्यात आईने चौदा काचा लिहवल्या.
नऊ विमानांनी फोडल्या,
पाच तिने, लाकडी डावाने,
पडदा ओढून, आवाज डोक्यावर येईपर्यंत थांबून.
त्या पाचांत आमचं न्हाणीघर झालं.
टटलला कळत होतं.
काच आत पडली की अंगणात, हे कोणालाही दिसतं.
त्याने रकान्यात लिहिलं : आवाज.

त्र्याण्णवला ते गेले.
शेवटचं विमान पश्चिमेला वळलं तेव्हा
कुंपणाशी सगळं गाव.
वर्षानुवर्षं ‘चालते व्हा’चे फलक धरणारी गेरलिंडेबाईसुद्धा,
आज रिकाम्या हाताने,
त्या हातांचं काय करावं ते न कळून.
त्या रात्री आई झोपली नाही.
तिसऱ्या रात्री तिने रेडिओ
दोन स्टेशनांच्या मधोमध लावला,
आणि ती खरखर उशाशी घेऊन
सहा महिने काढले.

आता अधिकाऱ्यांच्या भोजनगृहात बॅगा तपासतात.
टेकाडाखालच्या तळघरांत कोणी अळंबी लावतो.
तिथे आधी काय ठेवलेलं होतं
ते आम्हाला कोणी सांगितलं नाही,
आम्हीही, खरं सांगायचं तर, विचारलं नाही.
फेब्रुवारीत चपला घालून लोक मायोर्काला जातात.
उतरणारे मला थांबवून विचारतात, शहर कुठे आहे?
तिकिटावर शहराचंच नाव असतं.
शहर सव्वाशे किलोमीटरवर.
मी बस दाखवतो. बस गेलेली असते.

कंपनी दोनदा बुडाली, तिसऱ्यांदा विकली गेली.
पगार येतो. कुठून येतो ते बँकेलाही नीट माहीत नसावं.

यंदा एप्रिलात टिटवीने अंडी घातली,
दक्षिण कडेला, नवव्या दिव्यापाशी.
आजोबांच्या जुन्या नकाशावर
ती जागा तिसऱ्या सरीत येते.
चार अंडी, ढेकळांच्या रंगाची.
एकावर पाय पडता पडता राहिला.
नियम म्हणतो, उचला आणि नोंद करा.
सहा वीसचं विमान दिवे लावून उभं होतं.
मी पिस्तूल वर धरलं, दूर कुंपणाकडे,
एक बार काढला.
ती उठली, कर्कश्श ओरडली,
माझ्या डोक्यावरून दोन घिरट्या,
आणि परत येऊन बसली,
पोट अंड्यांवर नीट सरकवत.

विमान गेलं.
मी गाडीत बसून वही उघडली,
पक्ष्यांचा रकाना कोरा सोडला,
शेऱ्यात लिहिलं : आवाज.